जुना नायक जमा करा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, बस दुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मी त्याच कारखान्यात बसच्या गाद्या शिवायचो. त्यामुळे हा माणूस मला घरीही भोगावा लागला आणि कामावरही.

स्टोअरची खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं एक चौकोनी भोक. त्याला लोखंडी जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट, आणि जाळीमागे भावोजींचा चेहरा. कोणीही काहीही मागितलं तरी त्या चेहऱ्यातून पहिला शब्द एकच यायचा.

"काका, मोठा वॉशर आहे का?"

"नाही."

नवखा माणूस तोंड पाडून परत जायचा. जुना माणूस तिथेच उभा राहायचा, खिडकीच्या कडेला बोटांनी ताल धरायचा. थोड्या वेळाने आतून खोकी सरकवल्याचा आवाज यायचा आणि फटीतून वॉशर बाहेर यायचा. वर एक शेराही मिळायचा: "शेवटचा आहे." तो कधीच शेवटचा नसे. सगळा कारखाना त्यांना नाहीकाका म्हणायचा. पाठीमागे तर म्हणायचाच, पण तोंडावर म्हटलं तरी ते ओ द्यायचे.

स्टोअरचा दुसरा नियम होता, जुनं जमा करा आणि नवं न्या. झिजलेलं बेअरिंग आणून टाकल्याशिवाय नवं बेअरिंग मिळायचं नाही. नियम कारखान्याचा होता आणि त्यात चूकही काही नव्हती. पण भावोजींनी तो फाटकाच्या आत ठेवला नाही, घरी नेला. ताईला नवा झाडू हवा असला की जुन्याचा बुडखा दाखवावा लागायचा. भाचीला नवी चप्पल हवी असली की जुनी फुटलेली हातात धरून उभं राहावं लागायचं. भाचीला मागणी घालायला आमचे जावई पहिल्यांदा घरी आले, तेव्हा भावोजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही."

जावई सरळमार्गी माणूस. उठले, नमस्कार केला आणि चालू लागले. भाचीला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत अनवाणी धावत जाऊन त्यांना परत आणावं लागलं. "अहो, कुठे निघालात? ते त्यांचं 'हो' आहे!" जावई परत येऊन बसले तर भावोजी म्हणाले, "मुलगी नेणार. ठीक आहे. जमा काय करणार?" सगळे हसले. भावोजी हसले नव्हते.

तर अशा माणसाने कारखान्याचं वार्षिक नाटक लिहावं, हा योग कसा आला? सोपं आहे. दुसरं कोणी लिहायला तयार नव्हतं, आणि भावोजींना विचारल्यावर ते "नाही" म्हणाले.

पहिलं नाटक त्यांनी चारचौघांसारखंच लिहिलं होतं. नायक होता, नायिका होती, काळा कोट घातलेला खलनायक होता. नायकाचं काम एका इंजिन फिटरने केलं. आवाज असा की विंगेत उभं राहिलं तरी कान झाकावे लागत. पहिल्या अंकाच्या शेवटी "मी परत येईन!" असं गरजून तो बाहेर पडला, आणि बाहेर भोंगा झाला. आमच्याकडे लांब भोंगा म्हणजे कुठेतरी रस्त्यात गाडी पडली. रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या टोळीतल्या माणसांनी असतील तिथून, असतील तसे निघायचं. नायक नकली मिशीसकट टोळीच्या व्हॅनमध्ये चढला. इकडे दुसरा अंक सुरू झाला. नायिका म्हणाली, "ते येतील." थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "ते येतील." मग तिला खरंच रडू आलं. खलनायक म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, मुळात लोण्यासारखा माणूस. त्याला बघवेना. तो कोट काढून म्हणाला, "रडू नका बाई, मी आहे ना." लोकांना हे इतकं पटलं की त्यांनी टाळ्या वाजवून दोघांचं जुळवूनच टाकलं. नायक परत आला तेव्हा माणसं खुर्च्या उचलत होती.

त्या दिवसापासून भावोजींनी एक गोष्ट गाठीशी बांधली: भोंगा झाला की जो उठून जाऊ शकतो, त्याच्यावर नाटक टांगायचं नाही. पुढची सगळी नाटकं त्यांनी अशी लिहिली की कोणीही कधीही गेला तरी अडू नये. एकाचं वाक्य शेजारच्याने उचलायचं. एका नाटकातला बाप व्हॅनमधून गेला, तर त्याची वाक्यं शेजाऱ्याने म्हटली; त्या घरात उलट जास्त जिव्हाळा वाटला. नायक कोण, असं विचारलं की भावोजी म्हणायचे, "आज जो ड्यूटीवर नाही तो."

आता ही नाटकं फार रंगायची का? बहिणीचा नवरा असला तरी खोटं बोलवत नाही. 'टाकी' नावाच्या नाटकात गच्चीवरची पाण्याची टाकी गळते. तीन बिऱ्हाडं भांडतात. शेवटी खाली बादली ठेवतात. ती भरते. "बादली बदला," या वाक्यावर पडदा. मध्यंतरात चहाला गेलेली माणसं दुसऱ्या अंकाला परत यायची ती आपली पिशवी खुर्चीवर राहिली म्हणून.

भावोजींच्या निवृत्तीचं वर्ष आलं. त्या वर्षीच्या नाटकाचं नाव 'बाकडं'. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाकडं आहे. पाळी बदलायच्या वेळी माणसं येऊन बसतात, बोलतात, उठून आत जातात. आतली बाहेर येऊन बसतात. एक म्हातारा मात्र बसूनच असतो. बस्स. भावोजी या नाटकावर जेवढे बसले तेवढे कुठल्याच नाटकावर बसले नव्हते. ताई म्हणाली, "यंदा रात्री झोपेतसुद्धा 'सरका जरा' म्हणतात." त्यांची एकच इच्छा होती, ती त्यांनी मला जाळीतून सांगितली: "हे एक लिहिल्यासारखं होऊ दे. मग मी गेलो तरी चालेल."

आणि नेमकं त्याच वर्षी मुख्य कार्यालयातून पाहुणे यायचे ठरले. मोठे साहेब म्हणाले, "नाटक जरा स्फूर्ती देणारं हवं. लोकांनी काहीतरी घेऊन घरी जायला हवं." बसवायला नेमलं कोणाला? जावयांना.

जावई आमच्याच कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात होते. ड्रायव्हरांना फळ्यावर शिकवायचे. पाळी नाही, भोंगा नाही, शर्ट सदा खोचलेला. त्यांनी कथालेखनाचा एक वर्ग केला होता आणि तो अजून ताजा होता. पहिल्या तालमीला त्यांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं.

"नायक इथे राहतो," ते खडूने दाखवत म्हणाले. "साधं आयुष्य. मग त्याला हाक येते. तो आधी नाही म्हणतो—"

"बघा, नाहीकाकाच नायक!" क्रेनवाला मागून ओरडला.

"ऐका तरी. मग त्याला गुरू भेटतो. तो उंबरठा ओलांडतो. अनोळखी मुलुख, संकटं, सगळ्यात मोठी लढाई. मग काहीतरी अमूल्य घेऊन तो परत येतो. इथेच."

भावोजी दाराशी उभे होते. त्यांनी चष्मा लावून वर्तुळ पाहिलं.

"जिथून निघाला तिथेच आला?"

"हो, बाबा. पण बदलून!"

"मग गेला कशाला?"

मंडळी हसली. जावयांचे कान लाल झाले, पण हटले नाहीत. "बाबा, राग मानू नका. बाकड्यावर माणसं बसतात आणि उठतात. यात गोष्ट कुठे आहे? लोक बघतील का?"

"आणि तुमचा नायक मुलुखगिरी करत असतो तोवर घरचं पाणी कोण भरतं?"

"ते... ते गोष्टीत येत नाही."

"तेच म्हणतो मी," भावोजी म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी जावई-भाची जेवायला आले. ताईने दोघांना समोरासमोर बसवायची चूक केली. जावयांनी पहिल्या घासालाच सांगून टाकलं: 'बाकडं'च राहील, फक्त त्या बाकड्यावरून एक तरुण उठेल, गावावर पसरलेल्या अंधाराशी लढायला दूर जाईल, आणि शेवटी पेटती मशाल घेऊन परत येईल. गाव जयजयकार करेल.

"म्हातारा?" भावोजींनी विचारलं.

"तो गुरू होईल. तोच तरुणाला सांगेल, जा बाळा."

"माझा म्हातारा कोणाला 'जा बाळा' म्हणत नाही. तो 'सरका जरा' म्हणतो."

"बाबा, प्रेक्षकांना आशा हवी असते."

"मग त्यांना लॉटरीचं तिकीट द्या. माझं नाटक कशाला फाडता?"

"अहो, जेवा ना आधी," ताई म्हणाली. "भाजी वाढू?"

"यांच्या नायकाला वाढ. लांबून आलाय."

जावयांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी तोल सुटला. "बोलतोच मग. तुम्हाला नायक आवडत नाहीत, कारण तुम्ही स्वतः कुठे गेलाच नाहीत. तीच खिडकी, तेच घर. जो जातो त्याचा तुम्हाला राग येतो."

"अहो!" भाची म्हणाली.

भावोजींनी ताटातला भात संपवला. एक शीत ठेवलं नाही. हात धुतले आणि टॉवेलला म्हणाले, "यांना सांगा, आजपासून मी यांच्याशी बोलत नाही."

जावयांना माहीत नव्हतं, पण बाण नको तिथे लागला होता. भावोजींना एक थोरला भाऊ होता. तो तरुणपणीच बोटीवर गेला. कधीतरी परत यायचा, मोठी ट्रंक घेऊन, आणि घराला जत्रेचं रूप यायचं. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवायची, शेजारी ट्रंक बघायला यायचे. तो पुन्हा गेला की घर त्याच्या पत्रांवर जगायचं. भावोजी घरीच होते. छप्पर, दवाखाना, रॉकेलची रांग, म्हाताऱ्यांची आजारपणं, सगळं यांनी केलं. आईच्या शेवटच्या आजारात तिला उचलून खुर्चीत बसवायचे, पुसून घ्यायचे, आणि ती यांच्याच खांद्यावर मान टाकून विचारायची, "थोरला आला का रे?" तो आला आणि ती गेली. सगळे म्हणाले, जीव थोरल्यात अडकला होता हो. भावोजी तेव्हा आलेल्यांना चहा देत होते. ताईने मला हे सांगितलं तेव्हा भावोजी शेजारच्या खोलीत होते. त्यांनी तिथूनच एक वाक्य टाकलं: "घरात असतो त्याची कोणी वाट बघत नाही. असतोच ना तो!" आणि रेडिओ मोठा केला.

मग युद्ध सुरू झालं. ते स्टोअरच्या खिडकीवर लढलं गेलं, कारण नाटकाचं सामान स्टोअरमधून जायचं.

पहिली तुकडी म्हणून जावईच आले. मी दोरा न्यायला तिथे उभा होतो, म्हणून माझी दुभाष्या म्हणून नेमणूक झाली.

"मशालीसाठी पाइप हवा होता."

"नाही," भावोजी मला म्हणाले.

जावई वळले आणि निघाले. लग्नाला इतका काळ लोटला तरी हा माणूस पहिल्या 'नाही'ला परत फिरायचा! मी हाताला धरून थांबवलं, तेव्हा आतून पाइप आला. सरळ नव्हता.

दुसऱ्या खेपेला ते नायकाचा अंगरखा शिवायला कापड मागायला आले.

"यांना विचार, कशासाठी?"

"नायकासाठी," जावई म्हणाले.

"यांना सांग, या खिडकीवर नियम आहे. नवा नायक हवा असेल तर जुना जमा करा."

"जुना नायक म्हणजे?"

"ते यांचं यांनी शोधावं."

"मामा, यांना सांगा," जावईही आता भडकले, "की तुमच्या नाटकांत कधी नायकच नव्हता, तर जमा काय करू? रिकामी बादली?"

'टाकी'वरचा तो टोला बरोबर बसला. जाळीमागे चष्मा नुसता चमकला. कापड आलं, पण बसच्या पडद्यांचं, तपकिरी, आणि त्यावर तेलाचे डाग. नायक शेवटपर्यंत त्यातच लढला.

म्हाताऱ्याचं काम भावोजींनी करावं असं जावयांच्या मनात होतं. निरोप घेऊन भाची आली. तिला "नाही" मिळालं, ती पुष्कळ वेळ थांबली, पण त्या दिवशी फटीतून काही आलं नाही. मग म्हाताराच कापला गेला. 'बाकडं'मधलं भावोजींचं एकच पात्र उरलं होतं, बाकडं. तेवढं स्टोअरचं होतं म्हणून ते द्यावं लागलं.

नायक कोण? जावई स्वतः. कारण सरळ होतं: त्यांना पाळी नव्हती, त्यांना भोंगा उठवू शकत नव्हता. एवढा विचार त्यांनी केला होता. मला त्यांनी पडद्यामागून वाक्यं पुरवायला बसवलं, कारण रस्त्यात पडलेल्या गाडीवर गादी फाटली म्हणून कोणाला बोलावत नाहीत.

भावोजींनी एकदाच चौकशी केली. "गाव कोण आहे?"

"म्हणजे?"

"जयजयकार करणारं गाव. कोण कोण घेतलंय?"

"व्हॅनची टोळी," मी म्हणालो. "तेच एकगठ्ठा मिळाले. आणि साहेबांनी सांगितलंय, त्या संध्याकाळी भोंगा होणार नाही."

भावोजींचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "भोंगा साहेबांना विचारून होतो वाटतं."

"भावोजी, जावयांना सांगू का मग?"

"मला कोणी विचारलं?" म्हणाले आणि जाळीवर पाटी फिरवली: 'बंद'.

नाटकाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पुढे पाहुणे, साहेब. तिसऱ्या रांगेत ताई आणि भाची. भावोजी विंगेत, स्टोअरचा खाकी कोट घालून, सामानावर नजर ठेवायला. चेहरा असा की खेळण्याच्या दुकानात पोरं शांत बसावीत.

पहिला भाग खरोखर बरा झाला. जावयांचा आवाज चांगला होता, लोक चहाला गेले नाहीत. नायक बाकड्यावरून उठला, गावाचा निरोप घेतला, उंबरठा ओलांडला. अंधाराचं काम करणारा रंगारी छान मेला. मग शेवटच्या प्रवेशासाठी गाव रंगमंचावर जमायला लागलं, आणि बाहेर भोंगा झाला. लांब.

चौकात दोन बसगाड्या एकमेकींना घासून अडकल्या होत्या. कोणाला इजा नव्हती, पण रस्ता पूर्ण बंद. क्रेन हवी, सगळी माणसं हवीत. अख्खं गाव, फेटे बांधलेलं, गालाला रंग लावलेलं, मागच्या दाराने व्हॅनकडे धावलं. क्रेनवाला जाता जाता मला म्हणाला, "तुम्ही चालू ठेवा!"

जावयांना काहीच माहीत नव्हतं. ते पलीकडच्या विंगेतून मशाल उंचावत आत आले. "गावकऱ्यांनो! मी आलो! अंधार संपला!"

समोर बाकडं.

माझ्या हातातल्या संहितेत पुढचं वाक्य होतं, 'सर्व गावकरी: जय हो! जय हो!' मी ते म्हटलं. एकट्याने, विंगेतून. ते मांजराने म्हटल्यासारखं ऐकू आलं.

"गावकऱ्यांनो!" जावई पुन्हा म्हणाले. कपाळावर घाम.

"गाव कुठे गेलं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"गावाची बस चुकली!"

हशा. शिट्टी. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला, समाधान होतं. पोट भरल्यावर असतं तसं. मग त्यांची नजर तिसऱ्या रांगेत गेली. भाची उभी राहिली होती. वडील कुठे आहेत हे ती शोधत नव्हती. तिचं लक्ष नवऱ्याच्या मशालीवर होतं आणि तिने दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"दीडशहाणा," भावोजी पुटपुटले, आणि चष्मा नाकावर चढवत रंगमंचावर चालत गेले. बाकड्याच्या टोकाला बसले.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

त्या रविवारनंतर ते जावयांशी पहिल्यांदा थेट बोलले होते. ताईने भाचीचा हात धरल्याचं मला तिथूनही दिसलं.

"मी... मी परत आलोय," जावई म्हणाले.

"गेला होतात का?"

सभागृह फुटलं. जावयांनी ओठ ओले केले. "अंधाराशी लढायला गेलो होतो. हा प्रकाश आणलाय."

"नवा?"

"हो."

"मग जुना अंधार जमा करा."

आमच्या कारखान्यातला जो जो कधी खिडकीवर उभा राहिला होता, तो पाय आपटून हसला. पाहुण्यांना काही कळलं नाही, तेही हसले.

"गाव कुठे आहे?" जावयांनी विचारलं. हे त्यांनी नायक म्हणून विचारलं नव्हतं.

"कामावर गेलं. रस्त्यात गाडी पडलीय. तुम्ही नव्हतात तेव्हाही जायचं. आज तुम्ही आलात म्हणून गाडी पडायची थांबत नाही."

"मग माझं स्वागत?"

"बसा. ते आले की सांगतो, कोणीतरी आलंय."

जावई बसले. मशाल कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, शेवटी ओली छत्री ठेवतात तशी बाकड्याला टेकवून ठेवली. दोघेही समोर बघत होते. हशा हळूहळू थांबला. मला वाटलं, आता मेले. आणि जावई म्हणाले, "तुम्ही कोणाची वाट बघताय?"

माझ्या संहितेत हे वाक्य नव्हतं. पण मला ते ओळखीचं होतं, जावयांनी स्वतः खोडलेल्या पानावरचं होतं. 'बाकडं'मधलं मूळ वाक्य. खोडलेलं वाक्य माणसाला इतकं पाठ राहतं हे मला माहीत नव्हतं.

भावोजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मूळ नाटकातलं उत्तर त्यांना आलं, पण आवाज जरा मागे राहिला. "कोणाची नाही. मी इथलाच."

मग ते दोघं 'बाकडं' करत राहिले. जेवढं आठवलं तेवढं, मधे मोठमोठ्या थांब्यांसकट. घासलेल्या बसगाड्या सुटेपर्यंत. अखेर मागचं दार वाजलं आणि क्रेनवाला आत आला, फेटा सुटलेला, हात कोपरापर्यंत काळे. नाटक संपलं असेल अशा समजुतीने तो थेट रंगमंचावर आला, दमून बाकड्याकडे गेला आणि म्हणाला, "सरका जरा."

दोघे सरकले. मी पडदा पाडला.

टाळ्या पुष्कळ झाल्या. पाहुण्यांनी ध्वनिक्षेपक घेतला. "असा अनपेक्षित शेवट मी पाहिला नव्हता!" साहेबांनी जावयांकडे पाहिलं, आणि जावयांना त्या क्षणी काय झालं देव जाणे, ते म्हणाले, "हो, तो आधीपासून ठरलेला होता." भावोजींचा जबडा हलला. तेवढ्यात पाहुणे पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्याकडेच वळले. "आणि आज नाटक रंगवणारे हे आजोबा! निवृत्तीच्या उंबरठ्यावर! हेच आजचे खरे हिरो!"

"नाही," भावोजी म्हणाले.

पाहुणे गोंधळले. आम्ही सगळे सवयीने थांबलो. थांबलो, थांबलो. पण त्या 'नाही'च्या मागून काहीच आलं नाही. ते वळले आणि बाकडं उचलायला लागले.

विंगेत जावई समोर आले तर भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना सांग, 'वाट बघताय'च्या आधी अजून थांबायला हवं होतं."

घरी तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं. ठरलं होतं म्हणे आधीपासून! पण त्याहून मोठा राग स्वतःचा होता. "आयुष्यभर जे लिहिलं नाही तेच सगळ्यांसमोर करून बसलो. एकटा माणूस येतो आणि बुडतं नाटक वाचवतो! शी!"

"पोरीसाठी केलंत," ताई म्हणाली.

"पोरीसाठी केलं म्हणून काय झालं? नायक तो नायकच."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम वर ठेवला होता. ते गेले नाहीत. खिडकीवर होते. मी सुई बदलून घ्यायला उभा होतो (जुनी मोडकी हातात होती) आणि जावई मशाल घेऊन आले.

"जमा करायची आहे."

"यांना सांग, पाइप वाकलाय," भावोजी मला म्हणाले.

"तो आधीपासून वाकलेला होता."

"यांना सांग, यांचं सगळं आधीपासून ठरलेलंच असतं."

जावयांनी मशाल भिंतीला टेकवली. मग जाळीशी तोंड नेऊन म्हणाले, "बाबा, मी साहेबांना सांगून आलोय."

"यांना विचार, काय?"

"शेवट ठरलेला नव्हता, तो तुमचा होता. आणि पुढच्या वर्षी 'बाकडं' जसंच्या तसं करायचं. नायक नाही, मशाल नाही. फक्त म्हातारा तुम्ही करायचा, तुमच्याशिवाय ते होणारच—"

"तुम्ही गाढव आहात, जावईबापू!"

मी सुई खाली टाकली. थेट जावयांशी बोलले! खाकी कोट जाळीला येऊन भिडला होता. "एवढं झालं तरी अक्कल आली नाही? उद्यापासून मी या कारखान्यात नाही. जो उठून जाऊ शकतो त्याच्यावर नाटक टांगायचं नाही, हे किती वेळा सांगू? म्हातारा कोणीही करेल. रंगारी करेल. हा करेल!" ते बोट माझ्याकडे होतं.

"म्हणजे करू ना 'बाकडं'?" जावयांनी विचारलं. "तुमच्या हातची मूळ पानं द्याल? मी माझी फाडली."

"नाही," भावोजी म्हणाले आणि आत वळले.

जावई सवयीने मागे फिरले. दोन पावलं गेले. मग थांबले, परत आले, आणि खिडकीच्या कडेला बोटांनी ताल धरून उभे राहिले.

आत खोकी सरकायला लागली होती.